मोजणीदार

गावात सरकारी मोजणी आली की सगळ्यांचे आवाज बदलतात. ज्याचा बांध सरळ आहे तोसुद्धा खुंटीकडे संशयाने बघायला लागतो, आणि ज्याचा त्या वावराशी काडीचा संबंध नाही तो साखळीचं टोक धरून सल्ले देतो. कोल्हापुरात आम्ही ज्या हॉस्टेलवर राहायचो तिथे अशी मोजणी कायमची मुक्कामाला होती. हा गडी मात्र जमीन मोजत नव्हता. विद्यापीठातली पोरं व्यायाम का करतात आणि मुख्य म्हणजे का करत नाहीत, हे तो मोजत होता. प्रबंधाचं नाव 'विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या व्यायामविषयक वर्तनावर परिणाम करणाऱ्या मानसिक व सामाजिक घटकांचे मापन : एक चिकित्सक अभ्यास'. शेवटची शेपटी नसेल तर आपल्याकडे प्रबंधाला प्रबंध म्हणत नाहीत, त्यामुळे तिचा दोष त्याला देता येणार नाही.

त्याचं खरं नाव प्रबंधाच्या कव्हरवर सोनेरी अक्षरांत आहे. हॉस्टेलवर ते कुणी वापरलं नाही. पहिल्याच आठवड्यात तो मोजणीदार झाला आणि पुढे रेक्टरही नोटिशीत 'मोजणीदारांना सहकार्य करावे' असं लिहून बसले.

हल्ली अशी माणसं प्रत्येक विद्यापीठात सापडतात. मानसशास्त्र विभाग आणि शारीरिक शिक्षण विभाग यांच्या मधल्या व्हरांड्यात ती उगवतात. 'तू व्यायाम करतोस का रे?' असं ती कधीच विचारणार नाहीत. 'गेल्या सात दिवसांत, एका वेळी किमान दहा मिनिटं...' अशी त्यांची सुरुवात असते, आणि तुम्ही तोंड उघडेपर्यंत त्यांची नजर कागदावरच्या रकान्यात जाऊन बसलेली असते.

आमच्या मोजणीदाराची उंची बेताची, अंगावर इस्त्रीचा पण वरचं बटण तुटलेला शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत कोऱ्या फॉर्मांचा एक गठ्ठा, भरलेल्यांचा दुसरा, आणि पॅडच्या क्लिपला सुतळीने बांधलेलं बॉलपेन. पेन बांधायची वेळ संशोधनानेच आणली होती. पहिल्या फेरीत त्याने फॉर्मांसोबत पेनं वाटली. फॉर्म बरेचसे परत आले, पेन एकही आलं नाही. विद्यार्थ्यांच्या वर्तनाबद्दल त्या सगळ्या उपद्व्यापात मिळालेली सर्वांत खात्रीची माहिती हीच असावी, पण प्रबंधात ती नाही.

त्याच्या बोलण्यालाही घरं पडली होती. कँटीनचे मामा चहा पुढे करून विचारायचे, "कसा झालाय?"

"पाचापैकी चार."

"साडेचार म्हणा की. आज आलं घातलंय."

"मामा, साडेचार नसतं. एक, दोन, तीन, चार, पाच. १९३२ साली लायकर्टनं..."

"त्या लायकर्टला म्हणावं, तुमची उधारी पाच घरांत मावत न्हाई."

रेन्सिस लायकर्ट हा अमेरिकेतला मानसशास्त्रज्ञ. माणसाचं मत मोजायला त्याने सोपी रीत काढली. एक वाक्य द्यायचं आणि समोर 'पूर्णतः सहमत'पासून 'पूर्णतः असहमत'पर्यंत पाच घरं ठेवायची. मोजणीदाराच्या लेखी विस्तव आणि चाक यांच्यानंतर माणसाला लागलेला महत्त्वाचा शोध हाच. मी तेव्हा मराठी विभागात संतसाहित्यावर काम करत होतो. "तुकोबांना विठ्ठल भेटेल याची खात्री किती होती, हे तुम्ही मोजलंच नाही," असं तो मला खरोखरच्या हळहळीने म्हणायचा.

त्याच्या खोलीत देवाचा फोटो नव्हता, आकृत्या होत्या. चौकोन आणि बाण. दाराशेजारी आयझेनची आकृती. आयझेनने १९९१ साली मांडलेला हिशेब असा, की व्यायामाबद्दल तुमचं मत काय, आपल्या माणसांना तुमच्याकडून काय अपेक्षित आहे असं तुम्हाला वाटतं, आणि गोष्ट आपल्या हातात आहे असं तुम्हाला कितपत वाटतं, या तिन्हींतून 'हेतू' तयार होतो आणि हेतूतून 'वर्तन'. म्हणजे तीन चौकोनांतून बाण निघून हेतूच्या चौकोनात शिरतात आणि तिथून एक जाड बाण वर्तनाकडे जातो. आमच्या हॉस्टेलचं सगळं दुःख त्या जाड बाणात होतं. हेतूपर्यंत आम्ही दर रविवारी रात्री पोचायचो. उद्यापासून सहाला उठायचं, ग्राउंडला चार फेऱ्या मारायच्या, तेलकट बंद. गजर लावून झोपायचो. सकाळी तीन चौकोन, बाण आणि गजर जागच्या जागी असायचे, फक्त आम्ही गादीवर असायचो.

खिडकीजवळ बँड्युरा. त्याचं १९७७ सालचं म्हणणं असं, की अमुक काम मी करू शकेन हा भरवसा माणसाला कामाला लावतो. हा भरवसा मोजायला अडचणींची यादी देतात. दमला असाल तरी व्यायाम कराल? परीक्षा तोंडावर असली तरी? हवा वाईट असली तरी? शून्य ते शंभर यांत खात्री सांगा. आता 'हवा वाईट' हा प्रश्न जुलैत कोल्हापुरात विचारायचा म्हणजे धाडसच. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर चढलेलं, निम्मे रस्ते बंद, वाळत टाकलेली बनियन चौथ्या दिवशीही ओली. आमच्या शेजारच्या खोलीतल्या शिरोळच्या पोराने त्या प्रश्नासमोर आकडा लिहिलाच नाही. त्याने उलट प्रश्न लिहिला : 'पाणी किती? ३९ फूट की ४३ फूट?' पुराच्या गावचा पोरगा. ३९ ला इशारा आणि ४३ ला धोका हे त्याला पाढ्यांच्या आधी शिकवलेलं. माझ्या मते अख्ख्या गठ्ठ्यात एवढं काटेकोर उत्तर दुसरं नव्हतं. मोजणीदाराने तो फॉर्म बाद केला.

पण त्याचा खरा जीव होता डेसी आणि रायन यांच्यावर. १९८५ च्या सुमाराला या दोघांनी प्रेरणेची एक उतरंड लावली. तळाला ज्याला काहीच करायचं नाही तो. त्याच्या वर कुणीतरी सांगतं म्हणून करणारा, त्याच्या वर नाही केलं तर मनाला खातं म्हणून करणारा, मग पटलंय म्हणून करणारा, आणि अगदी वर मजा येते म्हणून करणारा. ही उतरंड व्यायामाला लावून मार्कलँड आणि टोबिन यांनी २००४ साली १९ वाक्यांची प्रश्नावली केली. ती मोजणीदाराला पाठ होती, क्रमांकासकट. हॉस्टेलच्या जिन्यात कुणी धापा टाकत भेटला की हा त्याला पायरी सांगायचा. जिन्याची नव्हे, प्रेरणेची.

या उतरंडीला पहिला धक्का दिला तो भरतीवाल्याने.

भरतीवाला हा आमच्या मजल्यावरचा एकमेव माणूस जो रोज, अगदी रोज, पहाटे पळायचा. पोलीस भरतीत पोरांना १६०० मीटर पळावं लागतं, १०० मीटर पळावं लागतं, गोळा फेकावा लागतो. तो इतिहासात एम.ए. करत होता, पण ते झोप येण्यासाठी. मोजणीदाराने त्याला मोठ्या आशेने गाठलं. मी शेजारीच दात घासत होतो.

"व्यायाम करताना तुला मजा येते?"

"मजा? सर, सोळाशे मीटर हाय."

"बरं. मित्र म्हणतात म्हणून करतोस?"

"मित्र माझ्याच भरतीला हायत. ते कशाला म्हणतील? ते तर झोप म्हणत्यात."

"एखाद दिवशी चुकला तर अपराधी वाटतं?"

"एक मिनिट, सर." त्याने घड्याळ बघितलं, बटण दाबलं आणि तो निघाला. उरलेली सोळा वाक्यं मोजणीदाराने त्याच्या शेजारून पळत विचारली. तिसऱ्या फेरीला त्याला दम लागला. त्या फॉर्मवर सहाव्या वाक्यापासून पुढचं अक्षर वाचता येत नाही.

तालमीतल्या पोरांची गत आणखी वेगळी. आमच्या विद्यापीठात दोन-चार जण असे असायचे, ज्यांचं नाव हॉस्टेलच्या यादीत पण मुक्काम तालमीत. या गावात शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचं कुस्तीचं मैदान बांधलं. इथे पोराला अंग कमावण्याची प्रेरणा कुठून येते, हे विचारणंच लोकांना अडाणीपणाचं वाटतं. 'सामाजिक पाठबळ' मोजणारी जी फूटपट्टी आहे ती सॅलिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली केली. गेल्या तीन महिन्यांत घरच्यांनी किंवा मित्रांनी तुमच्याबरोबर व्यायाम केला का, आठवण करून दिली का, तुमची चेष्टा केली का, असलं तिच्यात विचारतात. मोजणीदाराने ती एका पैलवानापुढे ठेवली. पैलवान बराच वेळ कागद बघत बसला. मग म्हणाला, "ह्यात वस्ताद कुठं हाय?"

"वस्ताद म्हणजे... मित्रांत धर."

पैलवानाने कागद खाली ठेवला, कान धरले आणि म्हणाला, "असं बोलू नका, सर."

वस्तादाचं पाठबळ कुठल्या घरात टाकायचं हा प्रश्न अमेरिकेत पडला नसणार. नवा पोरगा पहाटे उठला नाही तर वस्ताद त्याच्याशी बोलत नाही. पाण्याची बादली ओततो. नंतर तोच वस्ताद थंडाईत बदाम कमी पडले म्हणून आरडाओरडाही करतो. यातलं बाह्य दडपण कुठलं आणि जिव्हाळा कुठला, हे सुट्टं करायला गेलं तर दोन्ही हातातून जातात. आणि पाठबळ म्हणायचं तर याच गावातली एक गोष्ट आहे. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजात शिकले. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायचे पैसे जमेनात, तेव्हा त्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं वैयक्तिक स्पर्धेतलं पहिलं ऑलिंपिक पदक. मी मोजणीदाराला म्हटलं, 'गेल्या तीन महिन्यांत तुझ्यासाठी कुणी घर गहाण ठेवलं का' असा एक प्रश्न घाल. तो गंभीरपणे म्हणाला, "घालता येईल, पण त्याचं वितरण फार तिरकं येईल."

जिमवाले मात्र त्याला भरभरून सापडले. हॉस्टेलच्या जिममध्ये एक डंबेल कायम बेपत्ता असायचं आणि आरसा कायम असायचा. गर्दी आरशाला. १८९८ साली नॉर्मन ट्रिप्लेटने दाखवलं होतं, की सायकलवाले एकटे असताना हळू आणि शेजारी कुणी असलं की वेगात चालवतात. आमच्या जिममध्ये याची पडताळणी रोज संध्याकाळी व्हायची. एकट्याने दहा किलो उचलणारा, दारात कुणी डोकावलं की वीसला हात घालायचा. मग कंबर धरून तिसऱ्या मजल्यावर कसा चढायचा ते बघायला कुणी नसायचं.

राहिलेले सगळे 'तीन'वाले. ही जमात प्रश्नावलीच्या धंद्यातली टोळधाड आहे. प्रश्न वाचायचाच नाही, मधल्या घरात वरून खाली सरळ रेघ ओढायची. व्यायाम आवडतो का? तीन. व्यायामाचा तिटकारा आहे का? तीन. असल्यांना पकडायला प्रश्नावलीत काही वाक्यं मुद्दाम उलटी घातलेली असतात. मोजणीदार रात्री दिवा लावून हे चोर धरत बसायचा आणि सकाळी त्यांच्या दारावर. "प्रश्न चार आणि प्रश्न नऊ यांत तुझं एक मत असूच शकत नाही." आत पांघरुणातून आवाज यायचा, "सर, माझं कशातच मत नाही." यावर तो खूश व्हायचा, कारण उतरंडीच्या तळाला माणसं कमी पडत होती.

नमुना किती घ्यायचा, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. क्रेचि आणि मॉर्गन यांचा १९७० सालचा एक तक्ता आहे. लोकसंख्या दहा लाख असली तरी तक्ता म्हणतो ३८४. आपल्याकडच्या निम्म्या प्रबंधांत हा आकडा असतो आणि कुणी त्याला का म्हणून विचारत नाही. मोजणीदाराचं आयुष्य त्या वर्षी ३८४ या आकड्याकडे चाललं होतं. तीनशेपर्यंत पोरं ओळखीवर भरतात. पुढची पन्नास चहावर. शेवटची तीस-पस्तीस मात्र माणसाचा अंत बघतात. त्याला बघून पोरं लायब्ररीत घुसायला लागली. पोरांना लायब्ररीत ढकलणारा सामाजिक घटक म्हणून त्याच्यावरच एखादा प्रबंध होऊ शकला असता.

फॉर्मवर अर्थात सगळं झकास होतं. माणूस परक्यापुढे घरचं दुखणं काढत नाही, तसा आळसही काढत नाही. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. आमच्या हॉस्टेलने कागदावर तो बुधवारपर्यंतच संपवला होता. मोजणीदाराला शंका आली, कारण सकाळी सातला मेसमध्ये चहा घेणारी माणसं आणि सहाला पळून आलेली माणसं यांचा मेळ बसेना. मग त्याने मोबाइलवरची पावलं मोजायचं ठरवलं. दहा हजार पावलांचा जो आकडा आता घरोघर झालाय तो जपानचा, १९६५ साली आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातला. कुणा वैद्याने काढलेला नव्हे, विक्रेत्यांचा. तरी आकडा म्हटल्यावर मोजणीदाराला भक्ती दाटून येते. त्याने तळाच्या पायरीवरची काही पोरं निवडली आणि आठवडाभर रात्री त्यांचे फोन बघायला लागला.

तिसऱ्या रात्री तो माझ्या खोलीत आला तेव्हा त्याचा आवाज कापत होता. ज्या चार पोरांनी 'व्यायाम करण्यात मला काही अर्थ दिसत नाही' यापुढे 'पूर्णतः सहमत' लिहिलं होतं, त्यांची पावलं तेरा-तेरा हजार पडत होती. चौघांची जवळजवळ सारखी. "प्रेरणा नसताना वर्तन!" तो म्हणाला. "डेसी आणि रायनला पत्र लिहावं लागेल."

मी त्याला दुसऱ्या दिवशी पहाटे ग्राउंडवर नेलं. भरतीवाला पळत होता. त्याच्या ट्रॅकपँटच्या दोन खिशांत दोन, कमरेच्या पट्ट्यात एक आणि हातात एक असे चार फोन होते. पाचवा त्याचा स्वतःचा, खोलीत चार्जिंगला. फोनामागे एक अंडाभुर्जी असा दर ठरला होता. "वजन घेऊन पळायची प्रॅक्टिस पण हुती, सर," तो म्हणाला.

सगळ्यात मोठा घोळ व्हायचा होता तो यानंतर. फॉर्ममध्ये 'आठवड्यातून पाच दिवस' असं ठोकून दिलेली पोरं हळूहळू अवघडायला लागली. मोजणीदार समोरून आला की त्यांना आपली खूण आठवायची. कुणी जिना सोडून दुसऱ्या जिन्याने जायचा, कुणी उगीच बूट घालून बसायचा. मग एकेक करून ती खरंच ग्राउंडवर दिसायला लागली. आधी चौघे. मग त्यांना बघून आणखी. एक तर 'सर, मी खोटं लिहिलं होतं, पण आता खरं झालंय' असं सांगायला आला. शास्त्रात याला नाव आहे. माणसाला त्याच्या वागण्याबद्दल नुसतं विचारलं तरी ते वागणं बदलतं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलेलं आहे. कुणाही मास्तराने यावर पेढे वाटले असते. मोजणीदार डोक्याला हात लावून पायरीवर बसला.

"सॅम्पल नासलं," तो म्हणाला.

"अरे, पोरं पळायला लागली!"

"तेच म्हणतोय मी. दुसरी फेरी कुणावर घेऊ आता?"

त्याच्या आकृतीत वडील होते, मित्र होते, प्रसारमाध्यमं होती. दर सकाळी पिशवी घेऊन दार वाजवणारा माणूस नव्हता.

फॉर्मच्या शेवटी 'इतर' म्हणून एक घर होतं. दोन ओळींची जागा. नियमाप्रमाणे असावं म्हणून ठेवलेलं. मुलींच्या हॉस्टेलचे फॉर्म त्याच्या विभागातली एक सहकारी भरून आणायची, आणि त्यांचं हे घर कधीच रिकामं नसायचं. व्यायामात अडथळे कोणते, या यादीत वेळ, आळस, हवामान, सोयींचा अभाव असं छापील होतं. एकीने ते सगळं सोडून खाली लिहिलं होतं : 'सकाळी सहाच्या आधी अंधार. सहानंतर बघे.' दुसरीने : 'बूट एकच जोड. घामाचे झाले तर कॉलेजला काय घालू.' मुलांच्या हॉस्टेलमधलं एक : 'पळून आलं की पाच चपात्या लागतात. मेसवाला तिसरीलाच मोजतो.' राधानगरीकडचा एक : 'शनिवारी गावाकडं जातो. शेण, वैरण, उसाला पाणी. ह्याला व्यायाम म्हणतात का, ते कळवावे.' आणखी एक, बारीक अक्षरात : 'आई रोज फोनवर विचारते जेवलास का. पळालास का असं कुणी विचारत नाही.'

मोजणीदार हे फॉर्म टाकत नसे. ते तो वेगळ्या रबरबँडमध्ये ठेवायचा आणि रात्री उशिरा वाचायचा. मी एकदा विचारलं, हे सगळं प्रबंधात येणार ना? त्याने मान हलवली. "संकेतांक देता येत नाही यांना." मग जरा वेळाने, "यांचा एक वेगळा पेपर करायचा विचार आहे." तो पेपर अजून विचारातच आहे.

मग आल्फाचे दिवस आले. एका पट्टीतली वाक्यं एकमेकांशी जुळतात का हे सांगणारा क्रॉनबॅकचा आकडा, १९५१ सालचा. ०.७० च्या वर गेला की गाईड चहा पाजतात, खाली राहिला की फोन उचलत नाहीत. याचा सामाजिक पाठबळाचा आकडा ०.६२ आला. दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी संगणकाने सुचवलं, की एक वाक्य काढून टाकलं तर आकडा ०.७१ होतो. काढलं. हॉस्टेलात पेढे वाटले. कुठलं वाक्य काढलं म्हणून मी बघितलं. घरच्यांच्या सांगण्याचा व्यायामावर परिणाम होतो का, हे ते वाक्य होतं. ते बाकीच्यांशी जुळत नव्हतं म्हणे. पोरांच्या घरचे लोक मुळात कुणाशी जुळतात?

त्याच्या घरचे तर नव्हतेच. वडील कागलकडचे, तरुणपणी तालमीत माती अंगाला लागलेली. रविवारी त्यांचा फोन आला की तो स्पीकरवर ठेवून फॉर्म लावत बसायचा.

"लेका, काय मोजतोस म्हणालास?"

"प्रेरणा, आबा."

"किती भरली?"

"सरासरी तीन पूर्णांक चार."

"कितीत?"

"पाचात."

"मग पास झाली की! आता ये घरी."

आबांना एक गोष्ट काही केल्या कळत नव्हती. पोराने अंग कमवावं म्हणून त्यांनी त्याला लहानपणी तालमीत घातलं होतं. तो पळून आला आणि आता पळणाऱ्यांच्या मागे पळत होता. यावर मोजणीदाराचं उत्तर तयार असायचं, दोन उत्तरं तयार असायची. गोडिन आणि शेफर्ड यांची १९८५ ची पद्धत मोकळ्या वेळातला व्यायाम मोजते. जोरकस असेल तर नऊने गुणा, मध्यम पाचने, हलका तीनने. मोजणीदाराला मोकळा वेळच नव्हता, म्हणून त्याचा गुणांक शून्य. दुसरी आंतरराष्ट्रीय प्रश्नावली मात्र कामाचं चालणंही धरते. विभाग, हॉस्टेल, कॉलेजं, बस चुकली की पुन्हा पायी, असा तो दिवसभर चालायचा. त्या प्रश्नावलीत दिवसाला १८० मिनिटांच्या वर चालणं मोजतच नाहीत. ते १८०, गुणिले ३.३, गुणिले सात दिवस : ४१५८. तीन हजारांच्या पुढे गेला की माणूस वरच्या वर्गात. म्हणजे एकाच आठवड्यात, एकाच अंगाने, तो एका कागदावर मढं होता आणि दुसऱ्यावर खेळाडू. "यांतलं खरं कुठलं?" असं मी विचारल्यावर त्याने विचारलं, "कुठल्या संशोधनासाठी?"

मौखिक परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि लवकर गाडी आहे म्हणाले.

पुढे तो एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागला. तीन-चार वर्षांनी मी कोल्हापूरला गेलो तेव्हा स्टँडवर घ्यायला आला. सेकंडहँड स्कूटर घेतली होती, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावलीतही आता तो कुठे बसला असता याची मला शंका आली. शर्टाचं वरचं बटण शाबूत होतं, खालचं ताणलेलं. डिकीत फॉर्म होतेच. जुन्या ३८४ जणांना पुन्हा गाठायचं, कोण अजून व्यायाम करतं ते बघायचं, असा त्याचा नवा प्रकल्प होता. बरेचसे सापडत नव्हते, म्हणून तो रस्त्याने जाताना तोंडं बघत गाडी चालवत होता.

दसरा चौकात एका ट्रॅफिक हवालदाराने शिट्टी मारली. स्कूटर कडेला घेतली. हवालदार जवळ आला, आणि मोजणीदार ओरडला, "एकशे सतरा!"

तो भरतीवाला होता. वर्दीत गोल झाला होता, पट्टा शेवटच्या भोकावर.

"सर! नमस्कार. हेल्मेट कुठाय?"

"ते राहू दे. पळतोस का अजून?"

"कशाला? भरती झाली की, सर."

मोजणीदाराच्या तोंडावर जो आनंद पसरला तो मी पीएच.डी. जाहीर झाली तेव्हाही बघितला नव्हता. बाहेरचं बक्षीस मिळालं, दडपण गेलं, वर्तन थांबलं! अगदी सिद्धांतात लिहिल्याप्रमाणे! त्याने डिकी उघडली, फॉर्म काढला, पॅडला लावला आणि भर चौकात पहिलं वाक्य वाचायला सुरुवात केली. भरतीवाल्याने मान डोलावली आणि खिशातून चलनाचं मशीन काढलं.

"अरे, ओळखीचा आहे मी."

"सर, ह्यात ओळखीचं बटण न्हाई."

"मग 'इतर'मध्ये टाक."

"ह्यात 'इतर' पण न्हाई," तो म्हणाला, नंबर प्लेटचा फोटो काढला आणि माझ्याकडे वळला. "मागच्यांचं पण हेल्मेट दिसंना."